पेला दारापासून

चर्चमधून, शनिवार दुपार

प्रिय बाबा,

भिंतीतून पेला बाहेर आला आहे.

तुम्ही लावलेल्या चुन्याला पोपडे धरले. आधी पेल्यावरचे पडले, मग हातांवरचे. बाकी सगळी भिंत अजून पांढरी आहे. त्या पांढऱ्यात नुसता एक पेला आणि त्याच्याभोवती हात. चेहरे नाहीत, अंगं नाहीत. काल मी दारातून आत आले आणि उंबऱ्यावरच थांबले. काम माझंच, पण असं काही मी काढलं नव्हतं.

आत्ता का लिहिते आहे? सोमवारी गवंडी येणार आहे. नाताळाआधी ही भिंत खरवडून नवा गिलावा करायचा, असं पंचांनी ठरवलं आहे. शांतवनकाकांनी नगरला निरोप धाडला. तुमचे लहानपणचे सोबती, मंडळीचे सर्वांत जुने पंच. त्यांचा निरोप म्हणजे सगळ्यांचा. "चित्र तुमचं, चुना तुमच्या वडिलांचा, तेव्हा तुमचा होकार असलेला बरा."

होकार मी द्यायचा. तो तुम्हाला विचारल्याशिवाय मला देता येत नाही. आणि तुम्ही तर वैशाखातच गेलात!

म्हणून इथे भिंतीसमोर जाजमावर बसले आहे. उद्या प्रभुभोजन आहे, एकच पेला सगळ्यांत फिरेल. बाहेर नव्या पाळकसाहेबांची बायको रसासाठी काळ्या मनुका निवडते आहे आणि आई तिच्याजवळ बसून चुका काढते आहे. "देठ राहिलं की रस तुरट होतो गं." तुम्ही इथे पाळक होतात तेव्हा हे काम तिचं होतं. ते अजून सोडवत नाही तिच्याच्यानं.

तुम्हाला आठवतं, ही भिंत मागितली कुणी? मी नाही. तुम्ही!

मुंबईच्या चित्रशाळेतून मी परतले होते, नगरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. एका सुट्टीत तुम्ही रविवारच्या शाळेतलं प्रभूचं रंगीत चित्र माझ्यासमोर धरलंत. परदेशात छापलेलं. सोनेरी केस, गुलाबी गाल, खांद्यावर गुबगुबीत कोकरू.

"हा माणूस पारनेरच्या बाजारात आला तर लोक काय म्हणतील?"

"साहेब म्हणतील," मी म्हणाले.

"आणि उठून उभे राहतील. त्याच्याबरोबर जेवायला बसतील का?"

आई चुलीपासून म्हणाली, "बसतील की. कोकरू कापलं तर."

तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग डोळे पुसलेत. म्हणालात, "चर्चमधली टेबलामागची भिंत घे. शेवटचं भोजन काढ. आपले लोक आत आले की त्यांना वाटलं पाहिजे, आपण त्यात बसलोय."

मी म्हणाले, लोक बोलतील. आपल्या आजोबांनी देव्हारा सोडला, तो नातीनं भिंतीवर आणला म्हणतील.

"पूजेला नको," तुम्ही म्हणालात. "बघायला हवं."

तेव्हा या दोन गोष्टी मला साफ वेगळ्या वाटल्या होत्या. पूजा इकडे, बघणं तिकडे. तुम्हालाही तशाच वाटल्या होत्या ना?

उन्हाळ्याची सगळी सुट्टी मी या भिंतीशी काढली. लढाईमुळे तेलरंग मिळत नव्हते. मुंबईहून आणलेल्या नळ्या पिळून पिळून चपट्या झाल्या होत्या. मग जे हाताशी होतं ते घेतलं. गेरू, पिवळी माती, चुलीची काजळी, धोब्याकडची नीळ. बाभळीच्या डिंकात घोटून माणसं त्यात रंगवली. उरलेला तेलरंग फक्त पेल्याला आणि हातांना पुरला. हात मला पक्के हवे होते. चेहरे डिंकावर सोडले.

म्हणून आज हे असं झालं आहे, बाबा. डिंकाच्या रंगावर चुना घट्ट बसतो, तेलावर धरत नाही. यात चमत्कार काही नाही. दोर वळणाऱ्या गंगूबाईला मी तसं सांगितलं, पण तिला ते पटलेलं दिसत नाही.

एकदा तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. मी पुटपुटत होते.

"काय म्हणते आहेस?"

"काही नाही. हा अंगठा जमत नाही."

"मग त्यालाच सांग."

"कुणाला? अंगठ्याला?"

"ज्याचा काढते आहेस त्याला."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही अंगठा जमला नाही. पण त्या दिवसापासून मला कळेनासं झालं की मी चित्र काढते आहे की प्रार्थना करते आहे. ते अजूनही कळलेलं नाही. तुम्ही विचारलं नसतंत तर बरं झालं असतं.

मी लांब टेबल काढलं नाही. सारवलेली जमीन, मध्ये एक परात, भोवती मांडी घालून बसलेली माणसं, त्यांच्यातच तो. अंगात बंडी, उन्हानं रापलेला. त्याच्या हातातला पेला पहिल्यांदा जिच्याकडे जातो आहे, ती बाई दाराशी बसली आहे. ती गंगूबाई.

तीच का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, तिचे हात. खोटं नव्हतं ते. घायपाताचे दोर वळून तिच्या बोटांना घट्टे पडले आहेत, अंगठ्याच्या खाली खोल चीर आहे. असे हात सापडले तर चित्रकार सोडत नाही. दुसरं कारण मी बोलले नाही आणि तुम्ही विचारलं नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं, आपण चर्चमध्ये पुढे का बसतो? तुम्ही म्हणालात, आपल्या घरांनी बाप्तिस्मा आधी घेतला. महारवाडा पहिला आला, मांगवाडा एका पिढीनंतर. म्हणून पुढची जाजमं आपली, दाराजवळची त्यांची. पेला पुढून निघतो आणि दाराशी जाऊन संपतो. आपण जात पाळत नाही, बाप्तिस्म्याचा क्रम पाळतो.

मी म्हणाले, मग आपल्यातलं एक बाळ आणि त्यांच्यातलं एक बाळ, दोघांचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झाला तर कोण पुढे बसेल?

तुम्ही म्हणालात, "भाकर खा."

गंगूबाई चित्रासाठी बसायला आली तीच कुरकुरत.

"बाई, माजं थोबाड कशाला काडता? तुमच्या आईचं काडा. गोरी हाय."

"मला हात हवेत."

"ह्ये हात? ह्ये लागलं की म्हस दूद चोरती."

मी रेघा मारत राहिले. थोड्या वेळानं तिनंच हळू विचारलं, "तोंड बी येनार न्हवं पन?"

"येईल."

"मंग थांबा की!" आणि तिनं डोईवरचा पदर नीट घेतला, कपाळ पुसलं, आणि अशी ताठ बसली की पुढचा तासभर माझ्या कामाला ती काही उपयोगाची राहिली नाही.

चित्र पुरं झालं तो रविवार. सगळे बघत राहिले. आपापले चेहरे शोधत होते. शांतवनकाका खूप वेळ उभे होते. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "चित्र झ्याक हाय, मार्थाबाई. माज्या मिशा पार जशाच्या तशा. पन पेला चुकला."

"कसा चुकला?"

"पेला हिकडनं निगतो." त्यांनी बोटानं आपलं जाजम दाखवलं.

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग कापणीच्या उपासनेचा रविवार आला. दरवर्षी लोक नव्या बाजरीची कणसं आणून टेबलावर ठेवतात. त्या वर्षी टेबल रिकामं राहिलं. लोक टेबलाला वळसा घालून भिंतीशी गेले आणि कणसं चित्राच्या पायथ्याला ठेवून आले. एका म्हातारीनं रंगवलेल्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला लावला. शांतवनकाकांचीच आई! मी नगरला होते. हे सगळं आईनं सांगितलं. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. म्हणाली, "तुझे बाबा मात्र त्या रिकाम्या टेबलाकडे बघत होते."

नाताळाच्या सुट्टीत मी आले, तर भिंत पांढरी.

"कुणी केलं?"

"मी." तुमची बोटं चुन्यानं भेगाळली होती.

"पंच मागे लागले म्हणून?"

"नाही."

"मग?"

"लोक भिंतीकडे बघायला लागले, मार्था. शेजारी बघेनात."

तुमचं हे वाक्य मला तेव्हा पळवाट वाटलं. मी म्हणाले, तुम्ही भ्यालात. तुम्ही पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवलात आणि बाहेर गेलात. एवढंच. तुम्ही भांडला असतात तर! भांडायचं सोडून पाणी देणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, बाबा?

त्यानंतर मी इथे पेला घेतला नाही. सुट्टीत यायचे ते आईसाठी. रविवार उजाडायच्या आत नगरची सर्व्हिस मोटार गाठायचे. मध्ये स्वराज्य आलं, शाळेवरचा झेंडा बदलला. तुम्ही पत्रांतून पावसाचं लिहायचात, आईच्या गुडघ्यांचं लिहायचात. भिंतीचं कधी नाही. मीही नाही. मग वैशाखात तुमचा ताप उतरलाच नाही. मी आले, रडले, आईला घेऊन नगरला गेले. तेव्हा मी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि काल दारातून आत आले, तर हे हात.

गंगूबाई माझ्या मागूनच आली. "आलात न्हवं? म्या म्हनलं हुतं, हात निगालं म्हनल्यावर मानूस बी येनार."

बोलता बोलता तिनं सहज सांगितलं. जणू मला माहीतच आहे, अशा सुरात.

"तुमी रागं भरून गेल्ता, त्याच्याम्होरलं पैलं भोजन. पाळकबाबांनी पेला उचलला आन् चालाय लागलं. पुडची समदी हात पुडं करून बसल्याली. बाबा आपलं सरळ दाराकडं. मला वाटलं, वारं घ्याय भाईर निगालं. तर माज्याम्होरं येऊन गुडग्यावं बसलं. म्या म्हनलं, बाबा, चुकलात. तिकडं, तिकडं. तर म्हनलं, धर गंगू. दोनी हातानं धर, सांडंल."

"मग?"

"मंग काय! पदराला हात पुसलं आन् दोनी हातानं धरला."

"आणि पुढचे लोक?"

"येक-दोन घरं यायची थांबली. शांतवनदादा आलं. पेला त्यांच्यापत्तोर ग्येला, त्यांनी तोंडाला लावला बी. पन प्यालं का न्हाई त्ये द्येवालाच ठावं. मिशी काय वल्ली दिसली न्हाई."

तुम्ही हे दर वेळी केलंत. मरेपर्यंत!

मी बाहेर जाऊन आईला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? तिनं मनुकांवरून नजरही उचलली नाही. "तू विचारलंस कधी? तुझं आपलं भिंत, भिंत, भिंत. आणि त्यांनी बजावलं होतं, तिला सांगू नकोस. बघायचं असेल तर येऊन बसेल."

हे बरं केलंत का, बाबा? एका ओळीत कळवलं असतंत तर मी चालत आले असते. की तेच तुम्हाला नको होतं? माझ्या चित्राचा विजय बघायला मी यावं, हे? तुम्हाला मी शेजारी बसायला हवी होते. बघायला नव्हे.

कालपासून डोकं याच फेऱ्यात आहे. तुम्ही आधी चित्र झाकलंत आणि मग चित्रात होतं तेच केलंत. मग झाकलंत का? चित्र समोर असतं तर तुमचे पाय उचललेच नसते, असं काही होतं का? भिंतीवर पेला रोज दाराशी जातोच आहे, मग आपण कशाला न्यायचा? लोक चित्र बघून डोळे मिटतील आणि घरी जातील, याची भीती होती?

की उलट? भिंतीवर तो पेला पाहिला नसतात तर इतक्या वर्षांनंतर तुम्ही ती वाट चाललाच नसतात?

दोन्ही खरं असेल तर मी काय करू? चित्र हवंही होतं आणि नकोही. चित्रशाळेत आम्हाला असं काही शिकवत नव्हते. तिथे चित्र चांगलं असे किंवा वाईट असे. त्यानं कुणाला उठवलं पाहिजे, आणि माणूस उठला की बाजूला व्हायला पाहिजे, हे कुणी सांगितलं नाही.

आता पेला पुन्हा पुढून निघतो. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, भले आहेत. पंचांनी त्यांना सांगितलं, इथली रीत अशी. त्यांनी ती घेतली. पेला पुढून निघाला आणि पोपडे पडायला लागले. गंगूबाई ही दोन्ही एका दमात सांगते. मी तिला पुन्हा सांगितलं, तेलावर चुना धरत नाही. "व्हय, व्हय," ती म्हणते, लहान मुलाला म्हणावं तसं.

काल संध्याकाळी शांतवनकाकांकडे गेले. चहा झाला. तुमची आठवण निघाली. मग ते म्हणाले, "तुमच्या वडलांनीच झाकलं न्हवं? आमी त्यांचंच काम पुरं करतोय. चुना टिकला न्हाई, गिलावा टिकंल."

"पेला दाराशी नेणं हेही त्यांचंच काम होतं. ते का पुरं करत नाही?"

त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "त्यांना शेवटाला नीट दिसत न्हवतं, पोरी. चुकून जायाचं दाराकडं. आमी बोललो न्हाई. मोटा मानूस."

चुकून! दर वेळी चुकून, आणि दर वेळी बरोबर गंगूबाईसमोर!

मी काहीतरी बोलणार होते. पण ते बोलत राहिले, माझ्याकडे न बघता. "माज्या आज्याला उभ्या जल्मात कुटं पुडं बसाय मिळालं न्हाई. चावडीत न्हाई, जत्रंत न्हाई. हितं मिळालं. येवढं येक जाजम. त्ये बी सोडू व्हय?"

बाबा, याला उत्तर काय द्यायचं? तुम्ही काय दिलं होतंत? चित्रात त्यांच्या मिशा मी जशाच्या तशा काढल्या होत्या. हे काढलं नव्हतं. मला ते दिसलंच नव्हतं.

आज सकाळी ओलं फडकं घेऊन भिंतीच्या एका कडेला चुना पुसून पाहिला. चुना निघाला, आणि त्याच्याबरोबर फडक्यावर गेरू आला. डिंकाचा रंग पाण्याला टिकत नाही. चुना काढला की चेहरेही जाणार. ते परत येणार नाहीत, कधीच. उरतील ते एवढेच, आत्ता दिसताहेत ते. पेला आणि हात.

मांगवाड्यातल्या बायका माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनीच कालपासून मला चित्र उघडा म्हणून धरलं होतं. गंगूबाई पुढे झाली. "माजं तोंड कवा निगंल?"

"नाही निघणार, गंगूबाई. धुतलं तर वाहून जाईल."

"नातीला दावनार हुते," ती म्हणाली. "ती बारकी हुती तवा. तिला याद न्हाई."

मग तिनं आपला हात वर केला आणि भिंतीवरच्या हाताशेजारी ठेवला. चिरेशी चीर लावून पाहिली. "ह्यो माजाच. पन लई बारीक काडलाय, बाई. येवढा बारीक माजा लगनात बी न्हवता." बायका हसल्या. मलाही हसू आलं. तो अंगठा अजूनही जमलेला नाही, हे मला तेव्हा नीट दिसलं.

दुपारी शांतवनकाका उत्तर घ्यायला इथे आले. मी म्हणाले, "गिलावा नको. भिंत खरवडायची नाही, आणि मीही धुणार नाही. ज्या रविवारी पेला दारापासून निघेल, त्या दिवशी हे हात मी स्वतः चुन्यानं झाकीन. पोपडे पडले तर पुन्हा झाकीन."

"आन् न्हाई निगाला तर?"

"तर हात राहतील."

"द्येवाच्या घरात अट घालता व्हय, मार्थाबाई?"

"अट नाही, काका. तुम्ही होकार मागितलात. माझा होकार एवढाच आहे."

ते म्हणाले, "तुजा बाप बी आसाच. पानी द्यायचा आन् गप ऱ्हायाचा." आणि गेले. सोमवारी गवंडी येईल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. नव्या पाळकसाहेबांशी बोलतील की नाही, हेही नाही.

बाबा, हे इथपर्यंत लिहिलं ते सोपं होतं. आता जे खरं आहे ते.

मला वाटतं आहे की उद्या पेला पुढूनच निघावा.

होय. काकांशी मी एवढं ताठ बोलले, आणि ते निघून गेल्यावर भिंतीकडे पाहिलं, तर माझ्या मनानं हळूच म्हटलं, राहू दे की हे हात. मी आजवर काढलेल्यांत हे सगळ्यांत चांगलं आहे. मी काढलं त्यापेक्षा चांगलं! चुन्यानं चेहरे खाल्ले आणि चित्र झालं. असं मला मुद्दाम कधी जमलं नसतं. आणि ते टिकायचं तर गंगूबाईनं शेवटी प्यायलं पाहिजे. म्हणजे माझं चित्र जगायचं तर अन्याय जगला पाहिजे. मी रंगवून ज्याच्यावर बोट ठेवलं, आता त्याच्याच जिवावर माझं चित्र उभं आहे.

तुम्हाला हे आधीच दिसलं होतं का? चुन्याचा कुंचा हाती घेतलात तेव्हा हेच मनात होतं? तुम्ही मला यातून वाचवत होतात? आणि मी तुम्हाला भित्रा म्हणाले!

उत्तर येणार नाही, हे मला कळतं. तरी अधूनमधून मान वर करून दाराकडे बघते आहे.

तुम्ही भिंत झाकली तो घायपाताचा कुंचा गंगूबाईनंच वळला होता. तुम्ही तिच्याकडून मागून नेलात आणि काम झाल्यावर परत धाडलात. मघाशी तिनं तो आणून दिला. "मला काय ठावं कशाला मागत्यात! नवा कुंचा नेला आन् लाकूड करून दिला." वाळलेल्या चुन्यानं तो खरंच दगडासारखा झाला आहे. मी तो बादलीत भिजत घातला आहे. मधून मधून उठून दाबून बघते. टोकं जरा मऊ झाली आहेत. मुळाशी अजून कडक आहे.

उद्या मी दाराजवळच्या जाजमावर बसेन, गंगूबाईला लागून. पेला कुठूनही निघो, तिच्या हातून घेईन आणि पिईन. इतक्या वर्षांनी. भिंतीकडे बघणार नाही. शेजारी बघेन.

आणि तो ज्या दिवशी दारापासून निघेल, उद्या निघो की माझे केस पिकल्यावर, त्याच दुपारी मी हा कुंचा उचलीन. मन नाही म्हणेल. ते म्हणू दे. तुमच्या बोटांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या, तशा माझ्याही पडतील. एवढं वचन मी मनाच्या भरवशावर देत नाही, बाबा. हातांच्या भरवशावर देते.

तुमची,
मार्था